वजनकाट्यातला सेल

रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटं. फोन कोकलला म्हणून जाग आली, बघते तर स्क्रीनवर ७१, म्हणजे दंडावर चिकटवलेल्या सेन्सरने फोनला पाठवलेली माझी शुगर, आणि शेजारी खाली तोंड केलेला तिरका बाण, आणि डोळे नीट उघडेपर्यंत तो आकडाही गायब, त्याजागी सेन्सर एरर, तीन तासांपर्यंत वाट बघा. तीन तास! साडेअकराला झोपताना चढलेली शुगर उतरवायला घेतलेलं करेक्शनचं इन्शुलिन अजून अंगात काम करतंय, शुगर खाली चाललीये एवढं कळलंय, कुठपर्यंत जाणार ते कळत नाहीये, आणि हे म्हणतंय पहाटे बोलू.

घाबरले नाही खरं सांगायचं तर. ड्रॉवरमध्ये बोट टोचून शुगर बघायचं मीटर होतं. उठले, काढलं, बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं, स्क्रीन कोरी. सेल गेला होता.

तरी घाबरले नाही, कारण मी शहाणी मुलगी, पाउचमध्ये जास्तीचा सेल ठेवते, सीआर २०३२, तो नाण्याएवढा चपटा. चेन उघडून आतला कप्पा चाचपला तर सेलचं फाडलेलं पाकीट हाताला लागलं, सेल नाही. आणि मग तशा अर्धवट झोपेत, बोटं थरथरत असताना, मला लख्ख आठवलं तो कुठे गेला ते. चार महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरातला वजनकाटा बंद पडला होता, तोच ज्याच्यावर मी कार्ब, म्हणजे जेवणातली कर्बोदकं, मोजायला जेवण तोलते, त्यालाही २०३२च लागतो, आणि मी पाउचमधला काढून त्यात घातला होता. "उद्या आणू की दुसरा."

मग काय, रात्री अडीचला मी ओट्यापाशी उभी, काटा उलटा करून त्याचं झाकण नखाने उचकटतेय. नख तुटलं. चमच्याच्या टोकाने उघडलं, सेल टुणकन उडून फरशीवर, तो गुडघ्यावर बसून शोधला, मीटरमध्ये घातला, मीटर चालू झालं आणि त्याने मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? साल कोणतं. सेल बदलला की बरीच मीटरं तारीख आणि वेळ परत विचारतात हे मला माहीत होतं, पण शुगर घसरत असताना बाणाचं बटण दाबत दाबत सालापर्यंत पोचायचं म्हणजे काय असतं ते त्या रात्री कळलं. मी महिना चुकीचा टाकला बहुतेक. कोणाला पडलीये.

मीटरला रक्ताचा थेंब ज्यावर द्यायचा त्या स्ट्रिप्स डबीत तीन. पहिली एरर, रक्त कमी पडलं. दुसरी ५८. ग्लुकोज घेतलं, पंधरा ग्रॅम, पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले, तिसरी ६६. परत पंधरा ग्रॅम. परत पंधरा मिनिटं. आणि आता तपासायला काहीच नाही. तुम्हाला माहितीये अशा वेळी माणूस काय करतो, आता वर चाललीये की अजून खालीच आहे ते कळत नसतं, म्हणून भीतीने खातो, हाताला लागेल ते खातो, आणि झोपतो. सकाळी सेन्सर शुद्धीवर आला तेव्हा ३१२.

काही झालं नाही म्हणा. ना अ‍ॅम्ब्युलन्स, ना कोणी धावपळ केली. घरातल्या कोणाला कळलंही नाही, फक्त सकाळी कोणीतरी ओरडलं की काट्याचं झाकण कुठंय. पण पंचवीस वर्षं टाइप वन, म्हणजे कायम इन्शुलिन घ्यावं लागणारा डायबेटिस, सांभाळणारी मी, लोकांना सांगते की बाबांनो बॅकअप ठेवा, आणि माझा बॅकअप म्हणजे सेल काढलेलं पाकीट आणि तीन स्ट्रिप्स.

त्यानंतर काही दिवस मी याच्यावरच विचार करत होते. वस्तू माझ्याकडे कमी नव्हत्या. सेन्सर होता, मीटर होतं, कपाटात अजून एक जुनं मीटरही निघालं (त्याची गंमत पुढे सांगते). मग नडलं कुठे? गोष्टीतल्या राक्षसाचा जीव कसा दूर कुठल्यातरी पोपटात असतो, पोपटाची मान मुरगळली की एवढा मोठा राक्षस आडवा, तसं असतंय हे. दहा यंत्रं असतील, पण त्या सगळ्यांचा जीव एकाच पोपटात असेल तर ती दहा नाहीत, एकच आहे. माझी दोन मीटरं एकाच स्ट्रिपच्या डबीवर जगत असतील तर ते एकच मीटर. सेन्सर आणि त्याचा अलार्म दोन्ही एका फोनच्या चार्जिंगवर असतील तर फोन मेला की दोन्ही मेले. आता मी काहीही जास्तीचं आणलं की पहिला प्रश्न हाच, याचा जीव कशात आहे, आणि तीच गोष्ट गेली तर हे पण जाणार का?

मीटर मिळतं सहज. बरेचदा स्ट्रिप्सबरोबर फुकटच देतात कारण खरा धंदा स्ट्रिप्सचा. म्हणून लोकांकडे मीटरं चार आणि स्ट्रिप्स एकाच्याच असं असतं. त्यात कुठल्याही मीटरला कुठलीही स्ट्रिप चालत नाही, एकाच कंपनीची दोन मॉडेलं असली तरी नाही चालत पुष्कळदा. माझं ते कपाटातलं जुनं मीटर, सेल घातल्यावर एकदम तरतरीत चालू झालं, पण त्या मॉडेलच्या स्ट्रिप्स कंपनीने कधीच्याच बंद केल्या. सोबत एक डबी होती, ती मुदत संपून चौदा महिने झालेली. म्हणजे इतकी वर्षं "आहे की दुसरं मीटर घरात" म्हणून मी निवांत होते ती एका पेपरवेटच्या भरवशावर.

आता घरात एकाच मॉडेलची दोन मीटरं आहेत, म्हणजे एक बंद पडलं तर त्याच स्ट्रिप्स दुसऱ्यात चालतात. पण एवढ्यावर थांबले असते तर परत पोपट एकच. कधी कधी स्ट्रिप्सचा एखादा लॉटच खराब निघतो आणि कंपनी तो परत मागवते, मग दोन्ही मीटरं उपाशी. म्हणून तिसरं मीटर वेगळ्याच कंपनीचं, त्याची स्वतःची सीलबंद डबी, स्वतःचा सेल, स्वतःच्या सुया, आणि ते राहतं दुसऱ्या घरात, आईकडे. घरातल्या डब्या घेतानाही शक्य असेल तर लॉट नंबर वेगवेगळे बघून घेते. मेडिकलमध्ये काउंटरवर उभं राहून डबीवरचे बारीक आकडे वाचत बसले की मागची लोकं वैतागतात, वैतागू देत.

स्ट्रिप्स किती हव्यात हा हिशोब मी आधी चुकीचाच करत होते. दिवसाला सेन्सर आहे, मग बोटावर कधीतरीच टोचायचं, म्हणून आठदहा स्ट्रिप्स म्हणजे खूप झाल्या. पण बॅकअप नेहमीच्या दिवसासाठी नसतोच ना. वाईट रात्रीचा हिशोब करून बघा. ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम पटकन चढणारी साखर, पंधरा मिनिटं थांबा, परत तपासा, अजून खालीच असेल तर परत तेच. म्हणजे नियमच असा की प्रत्येक फेरीला एक स्ट्रिप. त्यात थरथरत्या बोटांनी दोन तरी वाया जाणार. वर आल्यावर झोपायच्या आधी एक, तासाभराने परत घसरत नाहीये ना म्हणून एक, पहाटे एक. आठ-नऊ सहज गेल्या एका रात्रीत, आणि हे फक्त लो चं. ताप आला, उलट्या होतायत, अशा आजारपणात दर दोन-तीन तासांनी बघायला सांगतात, दोन दिवस धरले तरी डबीचा तळ दिसतो. म्हणून माझ्याकडे आता राखीव म्हणजे न उघडलेली अख्खी डबी, सुट्या स्ट्रिप्स मोजायच्याच नाहीत. आणि चालू डबी संपल्यावर नवी आणायची नाही, राखीव डबीचं सील फोडलं त्याच दिवशी दुसरी आणायची. एवढी एक सवय लावून घेतली तरी अर्धं काम होतं.

सुट्यांवरून आठवलं. मी पूर्वी काय करायचे, दोन अर्ध्या डब्या झाल्या की सगळ्या स्ट्रिप्स एकीत भरायचे, जागा वाचते म्हणून. कधी चारपाच स्ट्रिप्स पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत. हे अजिबात करू नका. स्ट्रिपच्या टोकाला एन्झाइम असतं, रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया होते आणि त्यातून जो बारीकसा करंट निघतो तो मीटर मोजतं, आणि या एन्झाइमला दमट हवा सोसत नाही. ती डबी साधी डबी नसते, तिच्या आतल्या बाजूला किंवा झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो, झाकण ‘टक्’ करून बंद झालं पाहिजे ते त्यासाठीच. उघडी राहिलेली डबी मी आता राखीव म्हणून धरत नाही. आणि फ्रीजमध्येही नाही ठेवायच्या. इन्शुलिन फ्रीजमध्ये ठेवतो ना, मग शेजारी स्ट्रिप्स पण ठेवू, थंड राहतील, असं माझ्या एका मैत्रिणीने वर्षभर केलं. इन्शुलिनला २ ते ८ डिग्री बरोबर आहे, पण स्ट्रिपची डबी थंडगार बाहेर काढून उघडली की आत दव धरतं. आपल्या डबीवर काय तापमान छापलंय ते बघायचं, पुष्कळ डब्यांवर वरची मर्यादा ३० डिग्री असते. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ३० म्हणजे किती वेळात होतं ते वेगळं सांगायला नको, आणि मी तर "इमर्जन्सीला गाडीत असू दे" म्हणून एक डबी तिथेच टाकून ठेवलेली, कितीतरी महिने.

थंडीत उलटं. मीटर स्वतःच नाही म्हणतं, स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र आणि आकडा नाही. बरीचशी मीटरं साधारण १० ते ४० डिग्रीतच काम करतात. अशा वेळी ते बिघडलेलं नसतं, गारठलेलं असतं. काखेत किंवा शर्टाच्या आत धरून बसायचं थोडा वेळ. बोटं पण गरम करून घ्यायची, नाहीतर टोचलं तरी थेंब येत नाही आणि मग आपण बोट पिळत बसतो.

मुदतीचं प्रकरण वेगळंच आहे. डबीवर एक छापलेली तारीख असते आणि काही कंपन्यांची दुसरी एक न दिसणारी तारीख असते, उघडल्यापासून तीन महिने किंवा सहा महिने, ती आतल्या कागदावर बारीक अक्षरात. म्हणून उघडताना मार्करने डबीवर तारीख लिहायची. माझ्या आईची ही सवय, मी नऊ वर्षांची असताना मला टाइप वन झाला तेव्हापासून ती डब्यांवर, बाटल्यांवर, वहीत, कॅलेंडरवर सगळीकडे तारखा लिहायची आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. आता मीच मार्कर घेऊन फिरते. एकदा मात्र तारीख न बघता डिस्काउंटमध्ये दिसल्या म्हणून एकदम सहा डब्या उचलल्या, घरी येऊन बघते तर सगळ्यांची मुदत अडीच महिन्यांवर. स्वस्त कशाला होत्या ते कळलं.

त्यामुळे राखीव डबी कपाटात "ठेवून" द्यायची नाही, ती फिरती ठेवायची. धान्याचं करतो तसंच, नवं आणलं की ते मागे आणि जुनं पुढे. मी महिन्याच्या एक तारखेला राखीव डबी रोजच्या वापरात घेते आणि नवी तिच्या जागी ठेवते. त्यामुळे राखीव म्हणून जे काही आहे ते कधीच जुनं होत नाही. आईकडच्या सेटचं तेवढं अवघड जातं कारण तिथे वापर नाही, तिथल्या डबीची तारीख फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवलीये.

मीटर चालू होतंय म्हणजे ते बरोबर दाखवतंय असं नाही हे पण माझ्या उशिरा डोक्यात आलं. कंट्रोल सोल्युशन म्हणून एक छोटीशी बाटली मिळते, त्याचा थेंब रक्ताच्या जागी लावायचा, येणारा आकडा डबीवर छापलेल्या दोन आकड्यांच्या मधे बसला की मीटर आणि स्ट्रिप दोन्ही ठीक. इतकं साधं आहे आणि मी ओळखते त्यातल्या दहापैकी आठ जणांनी ते कधी केलेलं नाही. (बाटलीही उघडल्यावर बहुतेकदा तीन महिनेच चालते, हो, तिच्यावरही तारीख लिहायची, आई जिंकली.)

दुसरं मीटर काढलं की अजून एक भीती बसते, आकडे जुळत नाहीत. एकात १८२, दुसऱ्यात २०१, मग खरं कोण? दोघंही खरे. मीटरसाठी आयएसओ १५१९७ म्हणून एक मानक आहे, २०१३ च्या त्याच्या नियमाप्रमाणे १०० च्या खाली असताना ९५ टक्के रीडिंग लॅबच्या आकड्याच्या १५ पॉइंट इकडेतिकडे आणि १०० च्या वर असताना १५ टक्के इकडेतिकडे आली तरी मीटर पास. म्हणजे खरी शुगर १९० असेल तर १८२ आणि २०१ दोन्ही बसतात. सेन्सरशी तर तुलनाच जपून करायची, तो रक्तातलं मोजतच नाही, कातडीखाली पेशींच्या मधे असलेल्या द्रवातलं मोजतो, त्यामुळे पाचदहा मिनिटं मागे असतो, आणि शुगर भराभर वरखाली होत असेल तेव्हा फरक मोठा दिसतो. सेन्सर लावलेल्या हातावर झोपलात तर दाबामुळे खोटा लो दाखवतो ते वेगळंच. माझा नियम एवढाच, सेन्सर एक सांगतोय आणि अंग दुसरंच सांगतंय असं झालं की बोट टोचायचं. आणि टोचायच्या आधी हात धुवायचे. फळ सोलल्यानंतर हात न धुता बघितलं होतं एकदा, २९० आलं, इन्शुलिन घेणारच होते पण शंका आली म्हणून हात धुवून परत बघितलं तर १२४. त्या २९० वर डोस घेतला असता तर? नकोच तो विचार.

"मला कळतं गं शुगर लो झाली की" असं म्हणणारे पण खूप भेटतात. मलाही कळायचं. ७० ला घाम, धडधड, सगळं. आता कधी कधी ५५ पर्यंत काहीच नाही, फक्त एक विचित्र हट्टीपणा येतो, घरच्यांना तो माझ्या आधी कळतो. वर्षानुवर्षं वारंवार लो होत गेलं की शरीराची ती घंटा मंद होते. त्यामुळे अंगावर येणारी लक्षणं हा बॅकअप नाही, निदान माझ्यासारख्यांना तरी नाही.

आणि म्हणूनच पाउच कुठे आहे ते दुसऱ्या कोणाला माहीत असणं हा अर्धा बॅकअप. लो मध्ये मला ड्रॉवर सापडत नाही, खरंच सांगते, उघडते आणि त्यात काय शोधतेय तेच विसरते. पूर्वी पाउच काळा होता, काळ्या बॅगेत, काळ्या अस्तराला चिकटलेला. आता भडक केशरी घेतलाय, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पण तसाच केशरी, आणि शेजारी बसणाऱ्या दोघांना उघडून दाखवलाय. आत एक चिठ्ठी आहे, मोठ्या अक्षरात, ७० च्या खाली असेल तर हे खायला द्या, शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. एकाने विचारलं की वापरून बघू का मीटर, मी म्हणलं बघ की, पण सुई नवी. टोचायचं पेन आणि सुई कोणाबरोबरही वाटून घ्यायची नाही, घरातल्यांबरोबरही नाही, हिपॅटायटिस बी पसरतो त्यातून. (स्वतःची सुई मी दरवेळी बदलते का? पुढचा प्रश्न.)

सुयांवरून, टोचायच्या पेनची स्प्रिंग पण मोडते हे कोणी सांगत नाही. मीटर आहे, स्ट्रिप आहे, सेल आहे, आणि थेंब काढायला काही नाही! राखीव सेटमध्ये मी आता पेन ठेवतच नाही, ते एकदाच वापरायचे सेफ्टी लॅन्सेट मिळतात ना, बोटावर दाबलं की आपोआप टोचतात आणि सुई परत आत जाते, ते दहाबारा टाकलेत. कमी भाग, कमी मोडतोड. सेल मात्र जपून, घरात लहान मूल असेल तर ते चपटे सेल गिळले जातात आणि अन्ननलिका जाळतात, त्यामुळे पाकिटातच आणि उंचावर.

प्रवासाची फजिती सांगायची राहिली. आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो होतो, मी एकदम तयारीत, दोन मीटरं, दोन डब्या, दोन सेन्सर, जास्तीच्या पेनसकट सगळं एका सॅकमध्ये व्यवस्थित लावलेलं. आणि सॅक भावाने दुसऱ्या गाडीच्या डिकीत टाकली. ती गाडी दोन तास पुढे. परत तोच पोपट! आता दोन सेट म्हणजे दोन बॅगा, त्यातली एक माझ्या अंगावर, आणि जितके दिवस जायचंय त्याच्या दुप्पट सामान. विमानात तर सगळं जवळच्या बॅगेत, चेक-इनमध्ये काही नाही, बॅग हरवते ते एक आणि खाली गारठून इन्शुलिन गोठलं तर ते वाया ते दुसरं.

त्या दोन तासांत कोणाच्या तरी ओळखीच्यांचं मीटर मिळालं होतं, बाहेरून आणलेलं, त्यात आकडा आला ६.१. क्षणभर माझा श्वासच अडकला, सहा?! मग कळलं ते मिलिमोलवालं आहे, आपले आकडे मिलिग्रॅमचे. १८ ने गुणायचं, ११० होतात. दुसऱ्याचं मीटर वापरायची वेळ आली तर आधी एकक बघा.

कीटोनच्या (इन्शुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणाऱ्या आम्लाच्या) पट्ट्यांबद्दल थोडक्यात सांगते, त्याच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. शुगर २५० च्या वर अडून बसलीये आणि बरं वाटत नाहीये अशा वेळी ग्लुकोजचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. नळीतून इन्शुलिन देणारा पंप लावलेल्यांनी तर या ठेवल्याच पाहिजेत, त्यांच्या अंगात फक्त भराभर काम करणारं इन्शुलिन असतं, नळी वाकली तर काही तासांत कीटोन चढतात. रक्ताच्या पट्टीवर ०.६ च्या खाली ठीक, १.५ च्या वर गेलं की डॉक्टरांना फोन, ३ म्हणजे थेट हॉस्पिटल. लघवीच्या पट्ट्या स्वस्त पडतात पण त्या मागच्या काही तासांचं सांगतात, आत्ताचं नाही. त्यांच्यात ग्लुकोजवाल्या पण मिळतात, पण शुगर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही, म्हणजे लो कळायला त्यांचा शून्य उपयोग. आणि आपल्या आधीच्या पिढ्या तेवढ्यावरच जगल्या हो. लघवी आणि निळं बेनेडिक्ट सोल्युशन परीक्षानळीत उकळायचं, हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी, जितकं लाल तितकी शुगर. १९६५ मध्ये रक्ताची पहिली पट्टी आली ती पण रंग बघून ताडायची. १९६९ साली अमेरिकेतल्या एका टाइप वन इंजिनिअरला मीटर हवं होतं तर कंपनी म्हणाली फक्त डॉक्टरांना देतो, त्याची बायको डॉक्टर होती म्हणून तिच्या नावावर मागवलं. त्या माणसाकडे बॅकअप काय असेल? मी इथे तिसऱ्या मीटरचं कौतुक करतेय.

सगळ्यांना एवढं सगळं जमेल असं नाही हे मला दिसतं. स्ट्रिप्स महाग आहेत, महिन्याच्या शेवटी मोजून वापरणारी माणसं आहेत, मीही होते कॉलेजात, दिवसाला दोन म्हणजे दोनच. अशांना "अख्खी डबी राखीव ठेवा" सांगणं सोपं असतं. तेव्हा मी एवढंच करायचे की नवी डबी आली की तिच्या शेवटच्या पाच स्ट्रिप्स माझ्या नाहीत असं समजायचं, डबीला रबर लावून ठेवायचे, रबर काढायची वेळ आली म्हणजे इमर्जन्सी. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की चिठ्ठीवर थोड्या जास्त लिहा, एरर येतात, वाया जातात. हे मला बोलायलाच कितीतरी वर्षं लागली, उगाच वाटायचं आपण जास्तीचं मागतोय.

आईकडच्या सेटचं सांगते. तिला म्हणलं महिन्यातून एकदा नुसतं चालू करून बघत जा. ती म्हणाली नुसतं चालू करून काय कळणार, आणि ती एक तारखेला सकाळी स्वतःचंच बोट टोचते आणि मला फोटो पाठवते. ९६. पुढच्या महिन्यात १०१. खाली लिहिते, "तुझं मीटर ठीक आहे." मी म्हणलं अगं कशाला टोचून घेतेस, कंट्रोल सोल्युशन दिलंय ना, तर म्हणे तुला मी लहानपणी दिवसातून चारदा टोचायचे, एकदा मला टोचलं तर काय होतं.

गेल्या आठवड्यात वजनकाटा परत बंद पडला. केशरी पाउच समोरच होता, आत सेल होता, नवा, पाकिटातला. मी चेन अर्धी उघडली पण होती. मग बंद केली, भात वाटीने मोजला आणि कार्ब अंदाजाने लावले. काटा अजून तसाच आहे, सेल आणायचा राहतोय रोज.